“सतराची यादी आठोते ना?” : सोसायट्यांच्या संगणकीकरणाविषयी खुले पत्र

प्रति,
विदर्भातील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांची संचालक मंडळे, प्रशासक व मुख्य कार्यकारी अधिकारी,
तसेच जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था.

विषय : सेवा सहकारी सोसायट्यांचे (प्राथमिक कृषी पतसंस्थांचे) संगणकीकरण आणि गटसचिवांमध्ये, म्हणजे या सोसायट्यांचे दप्तर सांभाळणाऱ्या सचिवांमध्ये, फिरणाऱ्या गोष्टी.

महोदय,

सोसायटीत संगणक आला, प्रिंटर आला, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले, प्रशिक्षणही झाले. तरी अनेक गावांत व्यवहार आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहिला जातो आणि सवडीने, जमले तर, संगणकात चढतो. आढावा बैठकीच्या इतिवृत्तात याचे कारण ‘सचिवांची मानसिकता’ असे नोंदवले जाते. मानसिकता हा शब्द एकदा इतिवृत्तात बसला की पुढे कोणाला काही करावे लागत नाही. त्याची लोकप्रियता बहुधा त्यामुळेच आहे.

सोसायटीचे दप्तर आणि कर्मचारी-प्रशिक्षण या दोन्ही कामांशी संबंध असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. गटसचिव हा बदल परिपत्रकातून समजून घेत नाहीत, एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींतून समजून घेतात. त्या गोष्टींना आपण अफवा म्हणता आणि बंद पाडायला बघता. प्रत्यक्षात यंत्रणा कुठे अडली आहे हे सांगणारे तेवढे एकच कागदपत्र आज आपल्याकडे आहे, आणि ते कागदावर नाही.

योजना आपल्याला माहीत आहेच. केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2,516 कोटी, मुदत 5 वर्षे, आणि नाबार्डमार्फत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. वरून पाहिले तर ही एक सरळ गोष्ट आहे : गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक एका धाग्यात येतील, हिशेब त्या दिवशीचा त्या दिवशी दिसेल, शेतकऱ्याला खाते कळेल. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात गटसचिव कुठे आहे ते शोधून पाहा. सॉफ्टवेअर नायक, शेतकरी लाभार्थी, आणि सचिवाच्या वाट्याला आलाच तर खोडा घालणाऱ्याचा भाग. ज्या गोष्टीत आपल्याला बरी जागा नाही, ती माणूस आपली म्हणून सांगत नाही. तो दुसरी रचतो.

ती दुसरी गोष्ट ओट्यावर, टपरीवर, बँकेच्या शाखेत शिक्क्यासाठी थांबलेल्या रांगेत कशी ऐकू येते, त्याचे काही मासले देतो. ही वाक्ये कोणा एकाची नाहीत, धाटणी मात्र ओळखीची वाटेल.

“कम्पुटर आला का 88 लागते. सायेब सुटते अन् सचिव अडकते.”

“आमच्या गावात रेंज झाडावर चढल्यावर येते, अन् हे म्हन्ते डे-एंड करा.”

“आता ऑपरेटर येईन कंत्राटी. मंग सचिवाचं काय काम?”

“सतराची यादी आठोते ना?”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात लहान आहे आणि त्यात सगळ्यात जास्त भरले आहे. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बोजे यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कार्यालयीन सामान पुरवणाऱ्या एका कंपनीतील बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. कामाच्या ठिकाणी गोष्ट क्वचितच पूर्ण सांगितली जाते, असे त्यांना दिसले. एक तुकडा पुरतो, उरलेली ऐकणाराच मनात भरून घेतो. बाहेरचा माणूस शेजारी बसलेला असला तरी त्याला काहीच कळत नाही. ‘सतराची यादी’ हा तसा तुकडा आहे. जून 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ व्हायची होती. अर्ज ऑनलाइन. मग हिरवी यादी, पिवळी यादी, आधार क्रमांकात गोंधळ, खाते क्रमांकात गोंधळ, नाव आहे तर रक्कम चूक. चूक कुठल्याही पातळीवर झालेली असो, शेतकरी जाब विचारायला गेला तो सोसायटीच्या दारात. मुंबईचा सर्व्हर त्याला सापडणार नव्हता, सचिव सापडत होता. ही अख्खी हकीकत त्या दोन शब्दांत येते, आणि आपल्या प्रशिक्षणवर्गात “आता सगळे ऑनलाइन होणार” हे वाक्य उच्चारताच वर्गातल्या प्रत्येकाच्या मनात ती पूर्ण होते. प्रशिक्षक पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो.

अशा आठवणींचे 2017 च्या आधीचेही साठे आहेत. 2012 साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना परवाना नाकारला आणि बँकेच्या दारात ठेवीदारांच्या चकरा सुरू झाल्या. 14 नोव्हेंबर 2016 रोजी जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. इतर बँकांत रांगा होत्या आणि आपल्या शाखांत शुकशुकाट. या तीन घटनांचे धडे वेगवेगळे आहेत, पण सांगताना ते एका ओळीत बसतात : वरून काही नवे आले की निस्तरायला आपणच. कार्ल वाइक यांनी संस्थांतील अर्थ लावण्याच्या प्रक्रियेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण असे की घडत असलेल्या गोष्टीचा अर्थ माणूस मागे वळून, आधी घडलेल्याच्या आधारे लावतो, आणि तो अर्थ अचूक असण्यापेक्षा पटण्याजोगा असणे पुरेसे असते. सचिवांची गोष्ट पटण्याजोगी आहे. आपले परिपत्रक अचूक आहे. दोघांची गाठ पडली तर कोण जिंकेल हे आपण पाहतच आहात.

आता 88 कडे, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम 88 कडे, येऊ. हे सगळ्यात महत्त्वाचे.

सोसायटीचा डेटा नव्या प्रणालीत घ्यायचा म्हणजे एक तारीख ठरवायची आणि त्या तारखेची प्रत्येक सभासदाची शिल्लक भरायची : भाग (शेअर), मुद्दल, येणे व्याज, ठेव. या सगळ्यांची बेरीज सोसायटीच्या तेरजेशी, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्याशी, जुळली पाहिजे आणि सोसायटीचे बँकेला देणे बँकेच्या खात्याशी जुळले पाहिजे. इथेच ‘अनिष्ट तफावत’ उघडी पडते. सोसायटी बँकेला जेवढे देणे लागते त्यापेक्षा सभासदांकडून येणे कमी, आणि मधला खड्डा वर्षानुवर्षे साचलेला. तो कसा पडला? बँकेने सोसायटीला लावलेले व्याज सभासदाकडून वसूल झाले नाही म्हणून. वसुलीच्या रकमेतून आधी व्याज कापायचे की मुद्दल, यात दोन्हीकडची पद्धत वेगळी म्हणून. माफीची रक्कम एका खात्यात जमा धरली आणि दुसऱ्यात नाही म्हणून. मार्चअखेर कागदोपत्री नवे-जुने केले, म्हणजे जुने कर्ज फिटल्याचे दाखवून नवे दिले, म्हणून. आणि काही ठिकाणी अर्थातच अपहार म्हणून. हाताच्या दप्तरात हा खड्डा लेखापरीक्षण अहवालाच्या एका परिच्छेदात निवांत झोपून राहतो. संगणकात तो पहिल्याच दिवशी लाल होऊन समोर येतो, आणि त्या दिवशी खुर्चीवर जो बसलेला असेल त्याच्या नावाने लॉग-इन असते. तो खड्डा त्याच्या आधीच्या तीन सचिवांचा असला तरी.

सहकार कायद्याचे कलम 88 हे नुकसानीची जबाबदारी निश्चित करून रक्कम वसूल करण्यासाठी आहे. त्यामुळे “कम्पुटर आला का 88 लागते” यात कायदा चुकला असेल, भीतीचा पत्ता चुकलेला नाही. सचिव डेटा भरायला उशीर का करतो, ‘तपासतो आहे’ का म्हणतो, याचे उत्तर या वाक्यात आहे. इंटरनेटचा वेग वाढवून ते सुटणार नाही. ते सुटेल एका लेखी आदेशाने : ठरलेल्या तारखेपूर्वीची तफावत स्वतंत्र खात्यात दाखवली जाईल, तिची वर्षवार फोड लेखापरीक्षक व बँक निरीक्षक मिळून करतील, आणि केवळ शिल्लक भरली म्हणून भरणाऱ्यावर जबाबदारी येणार नाही. अपहार असेल तिथे चौकशी होईलच, हेही त्याच आदेशात लिहा. लपवाछपवीला मुभा मिळाल्यासारखे प्रामाणिक सचिवालाही वाटता कामा नये.

डे-एंडची गोष्ट त्या मानाने साधी आहे, पण तिचीही फोड करा. प्रणालीत दिवस उघडावा लागतो आणि बंद करावा लागतो. एका सचिवाकडे तीन-तीन सोसायट्या आहेत, गावे दहा-बारा किलोमीटरच्या अंतरावर, आणि दिवसा भारनियमन. जुन्या रीतीत तो सोमवारी एका गावी, बुधवारी दुसऱ्या गावी जाऊन पावतीपुस्तकावरून कीर्द ओढत असे. दिवस बंद झाल्यावर मागच्या तारखेची पावती चढवणे नव्या रीतीत सहज जमत नाही. मग वसुलीचे पैसे हातात, पावती फाडलेली, आणि संगणकात नोंद दोन दिवसांनी. लेखापरीक्षणात याला रोकड हाती ठेवल्याचा आक्षेप म्हणतात. कोणत्या सोसायटीचा दिवस कोणत्या वारी उघडायचा, याचा तालुकानिहाय तक्ता बँकेने मंजूर करून गावच्या फलकावर लावला तर निम्मी गोष्ट तिथेच संपते. गावालाही कळते की सचिव बुधवारीच भेटेल.

ऑपरेटरच्या गोष्टीला मात्र आश्वासनाने हात लावू नका. गटसचिवाचा पगार सोसायट्यांच्या व्याजफरकातून निघतो आणि तो किती महिने थकतो हे आपल्याला ठाऊक आहे. “कोणाचीही नोकरी जाणार नाही” हे वाक्य ज्याने आधी ऐकले आहे, त्याला ते धोक्याची घंटा वाटते. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये अफवेचे एक सूत्र मांडले : विषयाचे महत्त्व गुणिले माहितीतील संदिग्धता. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य झाली की सगळेच शून्य. पगाराचे महत्त्व आपण कमी करू शकत नाही. राहिली संदिग्धता. निर्णय झाला असेल तर तो क्रमांक व दिनांकासह सांगा. झाला नसेल तर “निर्णय झालेला नाही, अमुक बैठकीत विषय येणार आहे” एवढे तरी सांगा, आणि त्या बैठकीनंतर तो पुढे ढकलला गेला असेल तर तेही.

सगळ्याच गोष्टींत सत्याचा कण असतो असे आम्ही म्हणत नाही. “सातबारा कम्पुटरात टाकला का जमीन बँकेकडे जाते” ही सभासदांकडून सचिवांपर्यंत आलेली गोष्ट साफ चुकीची आहे. जमिनीवर बोजा चढतो तो कर्जासाठी सहकार कायद्याच्या कलम 48 खाली केलेल्या इकरारामुळे, म्हणजे कर्जदाराने लिहून दिलेल्या घोषणेमुळे, आणि इकरार हाताच्या दप्तरातही होताच. अशा ठिकाणी भाषण नको. इकराराचा नमुना, सातबाऱ्याच्या इतर हक्कातील नोंद आणि कर्ज फिटल्यावर बोजा उतरल्याची नोंद, असे तीन कागद फलकावर शेजारी शेजारी लावा.

तर या गोष्टी गोळा कशा करायच्या? इथे चुका फार होतात, म्हणून थोडे बारकाईने लिहितो.

आधी वेळ. जानेवारी ते मार्च वसुली, एप्रिल ते जून पीककर्ज वाटप, जुलैत पीकविम्याची धावपळ, सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा. म्हणजे उरला ऑगस्ट, तोही पोळ्याच्या आधीचा. जागा बँकेचे सभागृह नको. तिथल्या खुर्च्यांची मांडणीच माणसाला ‘जी साहेब’ म्हणायला लावते. एखाद्या सोसायटीचे रिकामे गोदाम चालेल. एका वेळी 7 ते 9 सचिव, वेळ दीड तास. बँक निरीक्षक त्यात नकोत. त्यांची बैठक वेगळी घ्या, पण घ्याच. ब्रिटनमधील एका खासगीकरण झालेल्या सेवा कंपनीच्या पुनर्रचनेचा अभ्यास ज्युलिया बॅलोगन आणि गेरी जॉन्सन यांनी केला. मधल्या फळीतले अधिकारी बदलाचा अर्थ वरच्या आदेशातून कमी आणि आपसातल्या आडव्या बोलण्यातून जास्त लावत होते, असे त्यात दिसले. आपली मधली फळी म्हणजे निरीक्षक. सचिवाला “भरून टाका, पुढचं पुढे पाहू” सांगणारा तोच, आणि “थांबा, वरून काही येते का पाहू” सांगणाराही तोच.

ऐकणारा माणूस त्या तालुक्याच्या साखळीतला नसावा. शेजारच्या तालुक्यातला निवृत्त सचिव सर्वांत चांगला. त्याला तेरीजही कळते आणि टोमणाही.

प्रश्न विचारताना “संगणकीकरणाबद्दल तुमचे मत काय?” असे कधीही विचारू नये. याला इतिवृत्ताच्या भाषेत उत्तर येते : उपक्रम चांगला आहे, सुविधा पुरवाव्यात. मत विचारू नका, दिवस विचारा. “गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी संगणक बाजूला सारून कीर्द उघडली? त्या दिवशी काय झालं?” “उद्या नवा सचिव रुजू झाला तर पहिल्या दिवशी त्याले काय सांगसान?” आणि तिसरा : “बाजूच्या तालुक्यातलं काय कानावर आलं?” हा तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. माणूस स्वतःवर बेतलेले बाजूच्या गावच्या नावावर सांगतो, आणि त्याला तेवढी आड मिळाली पाहिजे.

जे बोलले जाईल ते बोलले तसेच लिहावे, वऱ्हाडीतच. शुद्ध करायचा मोह आवरा. “88 लागते” याचे “कलम 88 अन्वये कारवाई होण्याची भीती वाटते” असे केले की वाक्य मरते. ‘लागते’ म्हणताना सचिव सांगतो आहे की हे ताप लागावा तसे लागते, कोण लावतो ते दिसत नाही, आणि आपण काही केले म्हणून लागते असेही नाही. शुद्ध वाक्यात हे सगळे गळते आणि उरते फक्त घाबरट सचिव.

नाव, गाव, सोसायटी लिहू नका. एवढ्याने भागत नाही, कारण लहान तालुक्यात दोन वाक्यांवरून माणूस ओळखू येतो. किमान तीन तालुक्यांच्या गोष्टी एकत्र केल्याशिवाय कागद जिल्ह्याला पाठवू नये. एका सचिवाला त्याच्या गोष्टीवरून एकदा जरी खुलासा मागितला गेला, तरी त्या जिल्ह्यात पुढची कित्येक वर्षे अशा बैठकीत फक्त कौतुक ऐकू येईल. आणि तो खुलासा हीच पुढची गोष्ट होईल, हे वेगळे सांगायला नको.

वर्गवारी कार्यालयात करू नका, सांगणाऱ्यांकडूनच करून घ्या. प्रत्येक गोष्ट एका कागदाच्या तुकड्यावर लिहून सतरंजीवर तीन ढीग करायला सांगा : खरेच झाले, होऊ शकते, आणि जुने नव्यावर चढवले. कोणत्या ढिगावर वाद होतो ते टिपून ठेवा. “हे खरंच झालं” आणि “हे सतराचं आहे” असा वाद जिथे पेटतो, तिथे आपला निर्णय सर्वांत निकडीचा असतो. टक्केवारी काढू नका. ‘62 टक्के सकारात्मक’ असा अहवाल वर गेला की खाली पुढच्या वेळी 80 टक्के सकारात्मक गोष्टी सांगितल्या जातील.

मग 15 दिवसांत लेखी उत्तर. प्रत्येक गोष्टीसमोर काय ठरले, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. जे होणार नाही त्यासमोर ‘होणार नाही’ आणि कारण. हा कागद ज्या गोदामात बैठक झाली तिथेच वाचून दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलू नका. साहेब ज्या गटात असतात तिथे अंगठे येतात आणि बोलणे दुसऱ्या गटात होते. त्या दुसऱ्या गटात शिरण्याचा प्रयत्न कृपया करू नका. तो गट राहिला नाही तर तिसरा निघेल.

आपणही गोष्टी सांगता, यशोगाथा म्हणून. त्यांची निवड बदला. हमरस्त्यावरची, स्वतःची इमारत असलेली, एक सचिव एक सोसायटी असलेली आणि तफावत शून्य असलेली संस्था चित्रफितीत दाखवली की खोलीतून एकच प्रतिक्रिया येते : “त्याईचं वेगळं हाय.” त्याऐवजी तीन गावांची, तेरीज न जुळणारी सोसायटी निवडा आणि ती कशी जुळली हे सांगा, कुठे अडली यासह. तपशील द्या. एकाच नावाचे दोन सभासद होते, ते बापाच्या नावावरून आणि गट क्रमांकावरून वेगळे केले. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, घरी हाक मारतात तिसऱ्याने. तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सचिवाने सांगितले, कारण दुसऱ्या कोणाला ते माहीत नव्हते. मयत सभासदांच्या खात्यांवर वारसांची नोंद करायची राहिली होती. यादी घेऊन तो घरोघरी गेला. कोणते सॉफ्टवेअर हे करू शकते? डेटा भरण्यातला अवघड भाग टंकलेखनाचा नाहीच, गाव माहीत असण्याचा आहे. ही गोष्ट सांगितलीत तर सचिवाला तिच्यात उभे राहायला जागा मिळते, आणि ती खरीही आहे.

आमची मागणी थोडक्यात एवढीच : जुन्या तफावतीबाबतचा आदेश डेटा भरण्याच्या तारखेआधी काढा, नंतर नव्हे. वारांचा तक्ता लावा. ऑगस्टमधील बैठका प्रत्येक जिल्ह्यात किमान तीन तालुक्यांत घ्या. आणि पुढील आढावा बैठकीत कोणी ‘मानसिकता’ म्हणाले, तर कोणत्या सोसायटीत, कोणत्या दिवशी, कोणती नोंद अडली, एवढे त्यांना विचारून ते इतिवृत्तात घ्या.

आपले,
सोसायटीचे दप्तर आणि कर्मचारी-प्रशिक्षण यांच्याशी संबंधित काही जण
विदर्भ